फटी बुजवा, पण बाथरूमची जाळी उघडीच राहू द्या

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘थंडीत खिडक्यांच्या फटी आणि बाथरूमची जाळी टेपने बंद करा, घर उबदार राहील, सर्दी होणार नाही.’ कृपया तो पुढे पाठवू नका.

फटींचं म्हणणं बरोबर आहे. पुण्यात पहाटे पारा १० अंशांखाली गेला की स्लायडिंग खिडकीतून गार झोत थेट पलंगावर येतो. चौकटीपाशी उदबत्ती धरा; धूर जिथे आत वाकेल, तिथे फट. ती जरूर बुजवा, धूळही कमी येईल. सर्दी मात्र विषाणूंमुळे होते, ती टेपने थांबत नाही.

जाळीचं म्हणणं जिवावर बेतणारं आहे. आपल्याकडे कितीतरी बाथरूममध्ये गॅस गीझर आहेत. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, आणि कडी काढायच्या आत माणूस कोसळू शकतो. खरं तर गीझर बाथरूमच्या बाहेरच हवा. स्वयंपाकघराचा झरोकाही बुजवू नका. कोंडलेल्या वाफेने भिंतीला ओल येते, बुरशी धरते, दमेकऱ्यांना त्रास होतो.

ज्यांनी जाळीला टेप लावली असेल, त्यांनी ती आजच, अंघोळीआधी काढावी.