‘व्हेटचे पैसे वाचवा, आरव्हीत फिरा’: या हिशेबात काय चुकतंय

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, तीन मराठी ग्रुपांवर आला. विषय आरव्हीचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून कुत्र्याला घेऊन फिरण्याचा. मथळा: ‘आरव्ही ट्रिप स्वस्तात हवी? कुत्र्याच्या डॉक्टरवर उधळू नका!’ खाली सल्ले. हिवाळ्यात डास नसतात, हार्टवर्मची (डासांमुळे होणाऱ्या, हृदयातल्या जंतांची) गोळी बंद करा. द्यायचीच असेल तर गुरांचं आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध आणा. अमेरिकेतून कुत्र्यांचा रेबीज गेलाय, ती लस निव्वळ धंदा. बाकीच्या लशी शेतीमालाच्या दुकानातून आणून घरीच टोचा. पार्कात जाताना कुत्र्याला एसी लावून गाडीत ठेवा. आणि रात्री सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट मुक्काम करा.

शेवटचा सल्ला खरा आहे. बीएलएम या सरकारी जमीन खात्याच्या बऱ्याच जमिनींवर एका जागी साधारण १४ दिवस फुकट राहता येतं, आम्हीही राहतो. बाकीच्यांचं एकेक बघू.

आधी हार्टवर्म, कारण सगळ्यात महाग चूक इथेच आहे. हा मेसेज लिहिणाऱ्याचा मार्ग बघा: डिसेंबरात टेक्सस, मग मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याने फ्लोरिडा. म्हणजे थंडी चुकवायला निघालोय, आणि गोळी मात्र थंडी आहे म्हणून बंद! उत्तरेकडच्या थंड मिनेसोटात डास नसतील हो, पण कुत्रं मिनेसोटात आहे कुठे?

शिवाय ही गोळी पुढच्या महिन्याचं कवच नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. मागच्या महिन्याभरात डासाने सोडलेल्या अळ्या ती मारते. मध्ये दोन-तीन महिने गेले की अळ्या मोठ्या होतात आणि गोळीला दाद देत नाहीत. पूर्ण वाढ व्हायला सुमारे सहा महिने लागतात, आणि नेहमीची रक्ततपासणी पकडते ती वाढलेली मादी. म्हणजे डिसेंबरातला डास तपासणीत दिसणार जूनच्या सुमारास. तोवर कुत्रं उड्या मारतंय आणि आपण म्हणतोय, बघा, काही झालं नाही.

उपचार काय, तर मेलार्सोमिन, आर्सेनिकचं औषध. कमरेच्या स्नायूंत खोलवर तीन इंजेक्शनं. सोबत महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, आणि काही महिने सक्तीची विश्रांती, कारण मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकतात. आमच्या ओळखीतल्या एका लॅब्रडॉरने ती विश्रांती २४ फुटी आरव्हीत, पिंजऱ्यात काढली. दारासमोर खार आली की त्याचं सगळं अंग थरथरायचं आणि मालकीण हाताने पिंजऱ्याचं दार धरून बसायची. बिल हजार डॉलरच्या पुढे. त्यात कितीतरी वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

आता गुरांचं आयव्हरमेक्टिन. औषध तेच, हे खरं. पण मात्रा काढून बघा. हार्टवर्मसाठी कुत्र्याला लागतं किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. २५ किलोच्या कुत्र्याला १५०. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. म्हणजे तुम्हाला हवं ०.०१५ मिलिलिटर, एका थेंबाचा साधारण तिसरा भाग. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते कोण मोजणार? कोली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातीच्या कुत्र्यात एमडीआर१ या जनुकाचा दोष असला, तर जास्त झालेली मात्रा थेट मेंदूपर्यंत पोहोचते. आणि गोळी पुन्हा सुरू करण्याआधी व्हेट तपासणी मागतो तो गल्ला भरायला नाही. रक्तात जंतांची पिल्लं भरपूर असतील तर औषधाने अचानक रिॲक्शन येऊ शकते.

रेबीजचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. कुत्र्यांमध्ये फिरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेतून गेल्याचं सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २००७ मध्ये जाहीर केलं. पण वटवाघूळ, रॅकून, स्कंक, कोल्हा यांच्यातला रेबीज आहे तसाच आहे, आणि आपण तंबू-गाड्या घेऊन त्यांच्याच अंगणात जातोय. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसांनी हे फॉरवर्ड करावं याचं मला जास्त नवल वाटलं.

घरी टोचायचं म्हणाल, तर बाकीच्या काही लशी दुकानात मिळतात. रेबीजचं तसं नाही. आमच्या टेक्ससमध्ये ती व्हेटने किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. घरी टोचलेली कायद्याच्या लेखी दिलेलीच नाही. कुत्र्याने स्कंकशी झटापट केली आणि कागद नसला, तर बूस्टर देऊन घरी ४५ दिवस नजर ठेवण्याऐवजी कित्येक महिन्यांचं विलगीकरण, नाहीतर त्याहून वाईट निर्णय समोर येतो. कॅनडाच्या नाक्यावरही हाच कागद मागतात. परत येताना १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचा फॉर्म लागतो (फुकट आहे, ऑनलाइन भरायचा), कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं आणि अंगात ओळखीची मायक्रोचिप हवी. चिपही मेसेजमध्ये ‘फालतू खर्च’ म्हणून आलीय.

एसीचा सल्ला वाचून मात्र मला हसू आलं नाही. फुकटच्या जमिनीवर राहा म्हणता, तिथे विजेचा खांबच नसतो. मग एसी चालणार कशावर? खांब असला तरी भरवसा नाही. न्यू मेक्सिकोत, जून महिन्यात, आम्ही आमच्या कुत्रीला, चिंगीला, आत ठेवून आंघोळीला गेलो. ३० ॲम्पिअरचं कनेक्शन, म्हणजे ३६०० वॅट. एसी चालू, फ्रीज चालू, आणि पाण्याचा हीटर विजेवर राहून गेलेला. पंचवीस मिनिटांनी परतलो तर गाडी गप्प. खांबावरचा ब्रेकर पडला होता. चिंगी बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून पसरलेली, जीभ एवढी लांब, आणि मला बघून शेपूटसुद्धा हलवली नाही तिने. ओल्या टॉवेलने आणि पंख्याने सावरली. त्या दिवसापासून आमच्यापैकी एक जण गाडीत थांबतो.

पार्काचंच म्हणाल तर बहुतेक नॅशनल पार्कांत कुत्र्याला पायवाटांवर मज्जाव असतो, तेव्हा मार्गच बदला. पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि व्हाइट सँड्समध्ये दोरी लावून कुत्रं पायवाटांवर नेता येतं, ग्रँड कॅन्यनला साउथ रिमच्या काठाकाठाने जाता येतं.

पैसे खरंच वाचवायचे असतील तर लसीकरणाची स्वस्त शिबिरं शोधा. प्राण्यांच्या मोठ्या दुकानांत, बऱ्याचदा शनिवार-रविवारी लागतात, आणि तिथे व्हेटच लस देतो, सहीचा कागदही मिळतो. गोळीचं प्रिस्क्रिप्शन लिहून मागा आणि दोन-तीन ऑनलाइन दुकानांत भाव बघा. चिंगीचं सगळं आम्ही असंच करतो. तिचे कागद गाडीच्या इन्शुरन्सच्या पाकिटात असतात, आणि त्यांचा एक फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये, कारण माझा फोन नेहमी चार टक्क्यांवर असतो.