‘बी.व्होक. म्हणजे डिग्रीच नाही’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो मला माझ्याच एका विद्यार्थ्याच्या मावशीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मॅडम, हे खरं का?’ मजकूर असा: ‘सावधान! बी.व्होक. ही डिग्रीच नाही, आयटीआयचंच गोड नाव आहे. एमपीएससी-यूपीएससीला चालत नाही, पुढे मास्टर्स करता येत नाही. सॉफ्टवेअर, मल्टिमीडिया, गेम्स हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं. कॉलेजात शिकाल तोवर सॉफ्टवेअर जुनं होतं, शिवाय आता एआय आलंय. मुलांची तीन वर्षं वाया घालवू नका.’ सगळ्यात शेवटी एका अ‍ॅनिमेशन क्लासचा मोबाईल नंबर.

मी एका तालुक्याच्या कॉलेजात बी.व्होक.च्या, म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशन या कौशल्यावर भर देणाऱ्या पदवीच्या, सॉफ्टवेअर-मल्टिमीडिया विभागात शिकवते. गेल्या वर्षी एका मुलीच्या वडिलांनी हाच मेसेज दाखवून भरलेला फॉर्म खिडकीवरून परत नेला. मुलगी बाजूला उभी होती, एक शब्द बोलली नाही. तेव्हा मलाही नीट उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून आता एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

‘ही डिग्रीच नाही.’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 27 फेब्रुवारी 2014 रोजी बॅचलर ऑफ व्होकेशन ही योजना सुरू केली. यूजीसी कायद्याच्या कलम 22 खाली ज्या पदव्या देता येतात त्यांची यादी सरकारी राजपत्रात असते आणि त्या यादीत बी.व्होक. आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. ज्या कलमावर उभ्या आहेत, त्याच कलमावर ही पदवी उभी आहे. प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं नाव आणि शिक्का असतो. हेच कलम पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच देतं. मेसेजखाली ज्या क्लासचा नंबर आहे, त्याला तो अधिकार नाही. क्लास चांगला असेलही, पण तिथून मिळेल ते सर्टिफिकेट. दीड-दोन लाख भरण्याआधी पालकांनी हा फरक लक्षात घ्यायलाच हवा.

‘आयटीआयचं गोड नाव.’ आधी एक सांगते, आयटीआय हा शब्द शिवी म्हणून वापरायचा नसतो. आपल्या घरातली मोटर ज्याच्या हातून दुरुस्त होते तो वायरमन तिथूनच शिकून येतो. आता फरक. आयटीआयला साधारणपणे दहावीनंतर एखाद्या ट्रेडचं प्रमाणपत्र मिळतं, तर बी.व्होक. बारावीनंतर तीन वर्षांचं असतं. यूजीसीच्या आराखड्यात वर्षाला 60 क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं. त्यातली 36 कौशल्याची, म्हणजे लॅब, प्रोजेक्ट, इंटर्नशिप वगैरे, आणि 24 सामान्य शिक्षणाची, म्हणजे भाषा, गणित, पर्यावरण असे विषय. साध्या पदवीत प्रॅक्टिकल हे लेक्चरच्या शेपटीला असतं. इथे उलट आहे.

याच आराखड्यातली एक सोय मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावी. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर डिप्लोमा मिळतो, दुसऱ्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि तिसऱ्यानंतर पदवी. आमच्याकडे एका मुलाचे वडील अचानक गेले आणि दुसऱ्या वर्षानंतर त्याला घरचं दुकान सांभाळायला जावं लागलं. तो हात हलवत गेला नाही, अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा घेऊन गेला. आता दुकान सांभाळून जिल्ह्यातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बघतो. नवीन शैक्षणिक धोरणाने मधेच बाहेर पडण्याची वाट आता बहुतेक पदव्यांना दिली आहे. बी.व्होक.मध्ये ती सुरुवातीपासून आहे.

‘एमपीएससी-यूपीएससीला चालत नाही, मास्टर्स करता येत नाही.’ जिथे ‘कोणत्याही शाखेची पदवी’ अशी अट आहे, तिथे बी.व्होक. इतर पदव्यांच्या बरोबरीने धरावी, असं यूजीसीने लेखी कळवलेलं आहे. राज्यसेवा आणि यूपीएससीची नागरी सेवा यांची अट हीच. एमबीएलाही कुठलीही पदवी चालते, टक्क्यांची अट तेवढी पाळावी लागते. एमसीए या कॉम्प्युटरमधल्या मास्टर्ससाठी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, पात्र पदव्यांची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत बी.व्होक.चं नाव लिहिलेलं आहे. अर्थात आपल्या राज्यात त्यासाठी सीईटी द्यावी लागते आणि गणित झालेलं नसेल तर ब्रिज कोर्स करावा लागतो.

पण जे चालत नाही तेही सांगते. एखाद्या पदाला ‘बी.ई. कॉम्प्युटर’ किंवा ठरावीक विषयातली बी.एस्सी.च हवी असेल, तर आमची पदवी तिथे बसत नाही. काही विद्यापीठांत एम.एस्सी.साठी त्याच विषयाची बी.एस्सी. मागतात. ज्या मुलाला नक्की तिकडेच जायचंय, त्याला मी स्वतः बी.एस्सी.चा फॉर्म भरायला सांगते. शिवाय कागदावर सगळं ठीक असूनही खिडकीवरचा माणूस अडवतो, हेही होतं. आमच्या एका विद्यार्थिनीला कागदपत्र तपासणीत ‘हे काय नवीन?’ म्हणून दोन तास बसवून ठेवलं. यूजीसीच्या पत्राची आणि राजपत्राची प्रत तिच्या फाइलमध्ये होती म्हणून सुटली. तेव्हापासून शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला आम्ही या दोन्ही प्रती हातात देतो. तुमच्या कॉलेजने दिल्या नसतील तर मागून घ्या.

‘सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं.’ या मुद्द्यावर जरा सावकाश बोलायला हवं, कारण तो अर्धा खरा आहे. ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचे उत्तम धडे फुकट आहेत, माझी मुलंही तेच बघतात. धड्यात सगळं बरोबरच चालतं, आणि काम शिकायचं असतं ते चुकतं तिथे.

दुसऱ्या वर्षाच्या एका जोडीने गडकिल्ल्यांवर प्रश्नमंजुषेचा खेळ युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवला. चित्रं, आवाज, गुण मोजणं, सगळं झकास. मराठी मजकूर टाकला आणि पडद्यावर ‘शिवनेरी’च्या जागी ‘शविनेरी’ आलं. ‘किल्ला’मधला ‘ल्ल’ सुटा पडून मध्ये पाय मोडलेला दिसत होता. दोघांनी फॉन्ट तीनदा बदलला. मग कीबोर्डवर संशय घेतला. एका व्हिडिओत उपाय सापडला, प्रत्येक शब्दाचं चित्र करून टाका. टाकलं. पण खेळाडूने स्वतःचं नाव टाइप केलं की पुन्हा तोच घोळ. येणाऱ्या प्रत्येक नावाचं चित्र आधी कुठून करून ठेवणार?

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, या शब्दातलं एकेक अक्षर सुटं करून त्याचा क्रमांक छापा. छापल्यावर दिसलं, आधी 0936 म्हणजे ‘श’, मग 093एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, वेलांटी नेहमी अक्षरानंतर साठवली जाते. वाचताना ती अक्षराआधी दिसते, कारण मजकूर दाखवणारी यंत्रणा तिला उचलून अक्षराच्या अलीकडे आणते आणि जोडाक्षरंही तीच जुळवते. ब्राउझर हे काम मुकाट्याने करतो. ही मुलं वापरत होती त्या टेक्स्टमेश प्रोमध्ये, म्हणजे युनिटीतल्या मजकूर दाखवायच्या साधनात, ते होत नव्हतं, त्यामुळे वेलांटी ‘श’च्या नंतर, नेमकी ‘व’वर जाऊन बसत होती. मग दोघांनी मजकूर दाखवण्याआधी वेलांटीची जागा बदलणारा छोटा कोड लिहिला आणि जोडाक्षरांचा तक्ता हाताने बांधला. चार दिवस गेले. ‘शिवनेरी’ नीट उमटलं तेव्हा लॅबमधली बाकीची मुलं उठून बघायला आली.

त्या चार दिवसांत ती दोघं जे शिकली, ते व्हिडिओत सापडलं नसतं असं मी म्हणत नाही. पण शोधायचं काय हेच माहीत नसेल तर सापडणार कसं? कोणीतरी शेजारी बसून ‘क्रमांक छापून बघ’ म्हणावं लागतं. जोडीदाराशी भांडून कामाची वाटणी करावी लागते, सोमवारी दाखवायचंय म्हणून रविवारी बसावं लागतं. आणि ज्या घरात एकच मोबाईल तिघांत आहे, तिथे ‘फुकट’ला काय अर्थ आहे? आमच्या निम्म्या मुलांना ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन पहिल्यांदा कॉलेजात दिसतं.

‘शिकाल तोवर सॉफ्टवेअर जुनं होतं.’ होतंच. अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश प्लेअर, म्हणजे ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेम्स चालवणारं सॉफ्टवेअर, बंद केला, तेव्हा मल्टिमीडिया शिकवणाऱ्या कितीतरी ठिकाणी अभ्यासक्रमाचा मोठा भाग एका दिवसात निकामी झाला. ज्यांना फक्त कुठलं बटण कुठे आहे तेवढंच शिकवलं होतं, ती मुलं अडकली. पण टाइमलाइन, कीफ्रेम, ‘क्लिक झालं की अमुक कर’ ही रचना ज्यांना समजली होती, ती एचटीएमएल5 आणि जावास्क्रिप्टवर सरकली, कारण फ्लॅशची अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा एकाच ईसीएमएस्क्रिप्ट प्रमाणावर बेतलेल्या आहेत. तेव्हा भीती सॉफ्टवेअर जुनं होण्याची बाळगू नका. ते कसं शिकवलं जातंय ते बघा.

एआयचंही माझ्या मते तेच. माझी मुलं ते रोज वापरतात, मीच वापरायला लावते. त्याने लिहिलेला कोड कुठे चुकलाय हे ज्याला कळतं त्याचं काम वेगाने होतं, आणि ज्याला कळत नाही तो चुकीचा कोड वेगाने जमा करतो.

आता मेसेजमध्ये जे लिहिलेलं नाही पण लिहायला हवं होतं, ते. काही कॉलेजांत हा कोर्स खरोखरच नावापुरता चालतो. यूजीसीचं अनुदान ठरावीक मुदतीचं होतं. ते संपलं की कोर्स विनाअनुदानित झाला, शिक्षक तासिका तत्त्वावर आले, आणि तासाला मोजके रुपये घेणारा हुशार शिक्षक दिवाळीनंतर दुसरीकडे गेला. लॅबला कुलूप, इंटर्नशिप म्हणजे ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडून आणलेलं पत्र. तिथे मुलांची तीन वर्षं वाया जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला संताप येतो. पण तो दोष त्या कॉलेजचा आहे, पदवीचा नाही. ते ओळखायचं तर फॉर्म भरण्याआधी प्रत्यक्ष जा. लॅब उघडायला लावा, किती मशीन चालू आहेत ते मोजा. पूर्णवेळ शिक्षक किती आणि गेल्या वर्षीचे त्यांतले किती टिकले ते विचारा. इंटर्नशिपला मुलं कुठे गेली त्याची यादी मागा आणि त्यातल्या दोघांना फोन करा. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट चालवून दाखवा म्हणा, पीपीटी नको. विद्यापीठाची मान्यता कुठल्या सालापर्यंत आहे ते कागदावर बघा. यातलं एकही दाखवायला जे कॉलेज कां-कूं करेल, तिथे प्रवेश घेऊ नका, कोर्सचं नाव काहीही असो.

मावशींना मी फोनवर हेच सांगितलं. शनिवारी त्या लॅबमध्ये येणार आहेत. फॉर्म परत नेणाऱ्या त्या वडिलांचा नंबर जुन्या रजिस्टरमध्ये सापडला, त्यांनाही फोन केलाय. मुलगी सध्या घरीच आहे म्हणाले. प्रवेश अजून सुरू आहेत.