ऐषारामाचे अंदाजपत्रक

ज्याने उभा जन्म बँकेत इतरांच्या कर्जप्रकरणांवर ‘हा खर्च टाळता येण्याजोगा आहे’ असा शेरा मारला, त्याच्यावर निवृत्तीनंतर स्वतःच्याच ऐषारामी सहलीचे नियोजन करण्याची वेळ यावी, हा नियतीचा विनोद असेल तर तो फार महागातला आहे. सहल इटलीची ठरली आहे. पहाटे साडेपाचला दार ठोठावून उठवणाऱ्या आणि रोममध्येही पोहे खाऊ घालणाऱ्या गटासोबत जायचे नाही. आईचे वय पाहता कुठेही दगदग करायची नाही. चांगल्या हॉटेलांत उतरून, चांगलेचुंगले खाऊन निवांत फिरायचे, असा ठराव घरात एकमताने संमत झाला. एकमत म्हणजे हिचे आणि लेकीचे. आईने ‘मला काय, तुम्ही न्याल तिथे येईन’ असे सांगितले आणि या वाक्यानंतर पुढे काय वाढून ठेवलेले असते ते आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. माझ्याकडे फक्त अंमलबजावणी आली.

पहिला प्रश्न जायचे केव्हा, हा होता. आम्ही नाशिककर असल्यामुळे यात्रेच्या वर्षी यात्रेच्या गावात पाहुणा म्हणून जाऊ नये, एवढे शहाणपण आम्हांला जन्मतःच मिळते. रोममध्ये दर पंचवीस वर्षांनी पवित्र वर्ष भरते आणि जगभरचे भाविक तिथे लोटतात. ते २०२५ मध्ये होते, म्हणून ते वर्ष बाद झाले. २०२७ मध्ये आमच्याकडे सिंहस्थ, म्हणजे ज्यांची नावेही आता नीट आठवत नाहीत असे सर्व नातेवाईक आमच्या दिवाणखान्यात उतरणार. या दोन पर्वण्यांच्या मधली जी फट उरली, तिच्यात ऑगस्ट चालत नाही, कारण १५ ऑगस्टच्या सुमारास इटालियन माणूस स्वतःच सुटीवर जातो आणि शहरांतली कितीतरी दुकाने कुलूपबंद असतात. सप्टेंबरात तिकडे द्राक्षांची तोडणी सुरू होते, हवाही छान असते, पण गणपती आणि पितृपक्ष सोडून विमानात बसण्याची कल्पना आईपुढे मांडण्याचे धैर्य माझ्यात नाही. राहता राहिला मे महिना, आणि तो जगातल्या इतर सर्वांनाही आधीच सुचलेला आहे.

त्यानंतर निवासाचा विषय निघाला. कोमो सरोवराकाठच्या ज्या हॉटेलांची छायाचित्रे ही रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाहत असते, त्यांचे एका रात्रीचे भाडे चार आकडी युरोंत असते. एका युरोला शंभराच्या वर रुपये पडतात, त्यामुळे रुपयांतला आकडा काढायला गणकयंत्रसुद्धा लागत नाही. दोन शून्ये वाढवायची, पाणी प्यायचे आणि पुढच्या पानावर जायचे. शिवाय खोल्यांचे दोन दर असतात. आरक्षण रद्द करता येणारी खोली महाग आणि रद्द न करता येणारी तीच खोली स्वस्त. व्हिसा मिळण्याची खात्री नसताना स्वस्त खोली घेणे म्हणजे विनातारण कर्ज, आणि महाग घेणे म्हणजे टाळता येण्याजोगा खर्च. या दोहोंच्या मधोमध मी कित्येक रात्री जागून काढल्या. निवांतपणा विकत घेण्यासाठी झोप आगाऊ भरावी लागते, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

तस्कनीत हॉटेलाऐवजी शेतावरच्या जुन्या दगडी घरात राहावे, असे लेकीने सुचवले. तिकडे शेतकऱ्याने शेती सांभाळून पाहुणे ठेवण्याची रीतसर पद्धत आहे. समोर द्राक्षांचे मळे, बाजूला ऑलिव्हची झाडे, सकाळी मळ्यातून फेरफटका, संध्याकाळी त्याच मळ्यातल्या वाइनची चव. ही योजना मी उत्साहाच्या भरात निफाडच्या मामेभावाला फोनवर सांगितली. त्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “दादा, द्राक्षाच्या मळ्यात राहायला तू पैसे भरणार? आमच्याकडे ये की. छाटणीला माणसं मिळत नाहीत, तुला रोज मिळेल वरून.” तेव्हापासून मळ्याचे कोणतेही छायाचित्र उघडले की मला सौंदर्याच्या आधी फवारणीचे वेळापत्रक दिसू लागते.

त्याच तस्कनीत व्हेस्पा स्कूटरवरून टेकड्या फिरवण्याचीही सोय असते, हेल्मेट आणि दुपारच्या जेवणासकट. पोंतेदेरा हे व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीचे गाव तिथलेच, तेव्हा त्यात वावगे काहीच नाही. पण १९६० च्या दशकात आपल्याकडे बजाजने याच व्हेस्पा परवान्याखाली बनवल्या. आमच्या वडिलांनी नंबर लावून तशीच एक स्कूटर मिळवली होती आणि रोज सकाळी ती एका अंगावर कलती करून, प्लग पुसून, किक मारमारून सुरू केली होती. तो व्यायाम आता अर्ध्या दिवसाचा ऐषाराम म्हणून युरोंत मोजून घ्यायचा आहे. हिने त्यासाठी स्कार्फही पाहून ठेवला आहे.

संस्कृतीचा भाग स्वस्तात उरकेल अशी माझी समजूत होती, आणि पैशांपुरती ती बरोबरही होती. खर्च होतो तो माणसाचा. मिलानमधले लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ पाहायला पंधरा मिनिटे मिळतात. लिओनार्दोने ते ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर रंगवले, त्यामुळे त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला, आणि त्या घाईचे म्हणा की संथपणाचे, प्रायश्चित्त पाचशे वर्षांनंतर आम्ही घेत आहोत. आतली हवा शुद्ध राहावी म्हणून थोड्या थोड्या माणसांना एकामागून एक उघडणाऱ्या दारांतून आत सोडतात, आणि तिकिटे काही महिन्यांची एकदम खुली होऊन पाहता पाहता संपतात. मी संगणकापुढे, लेक पुण्यात तिच्या संगणकापुढे आणि ही मोबाइल घेऊन, असे तिघे सज्ज होऊन बसलो होतो. तिकिटे मिळाली, पण ती सकाळी सव्वाआठची आहेत. पहाटे कोणी दारावर थाप मारू नये म्हणून जो खर्च आम्ही करणार आहोत, त्यात त्या सकाळी थाप मारण्याचे काम माझ्याकडे राहील.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट चढायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. हे ऐकून आई म्हणाली, “सप्तशृंगीला मी पायीच चढायचे.” ती गोष्ट माझ्या मुंजीच्या आधीची आहे, हे तिला सांगण्याची जबाबदारी हिने माझ्यावर आणि मी लेकीवर सोपवली आहे.

व्हेनिसमध्ये गोंडोल्याचा ठरलेला दिवसाचा दर अर्ध्या तासाला ९० युरो आहे. हा दर नावेचा असतो, माणसाचा नव्हे, आणि नावेत पाच जण बसू शकतात. आम्ही चौघे. पाचवा माणूस धक्क्यावरच शोधावा, अशी सूचना मी केली, तेव्हा हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी लग्नानंतर पंचवटीत शेअर रिक्षा केली तेव्हा प्रथम पाहिली होती. सॅन मार्को चौकात १७२० पासून चालू असलेले एक कॅफे आहे. तिथे वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे पैसे बिलात वेगळे लागतात. संगीत थांबल्यावर आत जावे, ही माझी दुसरी सूचनाही फेटाळली गेली. बहुतेक ठिकाणी नुसते टेबलाशी बसण्याचेही माणशी काही युरो धरतात, आणि कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते. आमच्या बँकेसमोरच्या टपरीवर मी ती कायम उभ्यानेच प्यायलो, तेव्हा या एका बाबतीत तरी माझी तयारी पूर्ण आहे.

खरा पेच जेवणाचा पडला. आई शुद्ध शाकाहारी आहे, आणि इटली म्हणजे पास्ता, पिझ्झा, चीज, तेव्हा तिची आबाळ होणार नाही असे सगळेच म्हणत होते. मी मात्र सवयीने बारीक अक्षरातला मजकूर वाचला. पार्मिजानो रेज्जानो या जगप्रसिद्ध चीजचे दूध विरजताना वासराच्या जठरातून काढलेले रेनेट घालतात, तसा नियमच आहे. आणि रोमच्या मिरी घातलेल्या ज्या साध्या पास्त्यावर मी आईसाठी भिस्त ठेवली होती, त्यातल्या मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनोला कोकराचे. मिलानच्या रिसोत्तो नावाच्या केशरी भातात पारंपरिक कृतीप्रमाणे हाडातला मगज असतो. शेवटी नेपल्सचा मरिनारा पिझ्झा सापडला, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच, चीज अजिबात नाही. मी विजयी मुद्रेने आईला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे टोमॅटो लावलेली भाकरी. ती खायला विमानाने जायचं?”

व्हिसाची फाइल हा माझा प्रांत. माणशी ९० युरो शुल्क, ३०,००० युरोंचा प्रवास-विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे छायाचित्र, प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा आणि खात्यांचे उतारे. लोकांचे उतारे मी भिंगातून पाहत आलो. आता माझा उतारा कोणी तिऱ्हाईत पाहणार आणि ‘या माणसाला कोमो झेपेल का’ असा शेरा मारणार. आम्ही परत येऊच, हे पटावे म्हणून मी गावच्या वीस गुंठ्यांचा सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडला आहे. त्यात माझ्यासोबत अकरा चुलत भावंडांची नावे आहेत, आणि इतक्या सहहिस्सेदारांच्या तावडीत जमीन सोडून कोणी परदेशात राहणार नाही, हे कोणत्याही वकिलातीला कळायला हवे.

काल सामानाची यादी निघाली. आईने मेतकूट, गोडा मसाला आणि घरी कढवलेल्या तुपाची बरणी काढून ठेवली. बाहेरच्या देशांतून प्रवाशाने मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणू नयेत असा नियम आहे, तेव्हा तूप नेता येणार नाही, हे मी तिला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. तिने मेतकूट पिशवीत भरले, बरणीचे झाकण घट्ट लावले आणि म्हणाली, “वासराच्या पोटातलं घालून करतात ते चालतं त्यांना, आणि माझं तूप चालत नाही?” याचे उत्तर कोणत्या कार्यालयाकडे लेखी मागावे, याचा मी शोध घेत आहे.