खुलासा : अमेरिकेत मुलाची शाळेतली फाईल पाहायला नागरिकत्व लागत नाही

‘एच-वन व्हिसावरच्या पालकांना सरकारी शाळेतली मुलाची फाईल पाहता येत नाही, वकिलाचं पत्र आणि फी लागते’ असा मेसेज आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे ढकलला. चूक माझी.

फर्पा हा विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या रेकॉर्डबद्दलचा अमेरिकेचा कायदा १९७४ चा. त्यात हक्क ‘पालकां’ना आहे, नागरिकत्वाची अट नाही. अर्ज दिल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत शाळेने रेकॉर्ड दाखवायलाच हवं. झेरॉक्सचे पैसे घेता येतात, पण फाईल शोधून काढण्याचे नाही. वकील तर नकोच. (शिक्षकाने फक्त स्वतःच्या आठवणीसाठी केलेली टिपणं मात्र यात येत नाहीत.)

मुलाला शाळेतून स्पीच थेरपी किंवा आयईपी (खास गरजांसाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना) असेल तर आयडिया हा विशेष शिक्षणाचा कायदाही लागू होतो : आयईपीच्या मीटिंगच्या आधी फाईल मागितली तर ती मीटिंगपूर्वीच दाखवावी लागते. आमच्या लेकाच्या वेळी मी दोन ओळींचा ईमेल केला होता. ऑफिसातल्या बाईंनी फोल्डर पुढ्यात ठेवला, वर मूल्यमापनाचा अहवाल. एक डॉलरही लागला नाही.

गोंधळ बहुधा इथून झाला असावा : मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की हे हक्क त्याच्याकडे जातात. त्याचा व्हिसाशी संबंध नाही.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.