तयार पॅटर्न असताना नोटपॅड कशाला? ‘टी-स्क्वेअर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार टी-स्क्वेअर साहेब,

जांभ्याच्या चिऱ्याचा हॅच पॅटर्न (म्हणजे ड्रॉइंगमधली जागा भरायचा रेषांचा नमुना) नोटपॅडमध्ये कसा लिहायचा, या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच सणसणीत आहे. खाली दोन ओळी लिहायला बसलो आणि त्या लेखाएवढ्या झाल्या, म्हणून वेगळ्याच टाकतोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळ्यांचा एआर-बी८१६ हा पॅटर्न तयार आहे, नेटवर ढिगाने फुकट मिळतात, मग आकडे टाइप करत बसणं हा रिकामटेकडा उद्योग. माझा पॅटर्न तुमच्याकडे चाललाच नाही, ‘हॅच लागला म्हणतो आणि भिंत कोरीच’. फरसबंदीच्या पॅटर्नमध्ये कोनाला सहा दशांश स्थळं कशाला, ‘आपण रॉकेट सोडतोय का?’ आणि शेवटचा टोला म्हणजे साइटवर मिस्त्री हॅचकडे ढुंकूनही बघत नाही.

मिस्त्री बघत नाही हे सेक्शनच्या (इमारत कापून आतलं दाखवणाऱ्या ड्रॉइंगच्या) बाबतीत मला मान्यच आहे. तिथला हॅच म्हणजे फक्त खूण. एएनएसआय३१ हा ४५ अंशांचा पॅटर्न घ्या. ऑटोकॅडच्या स्वतःच्या फाइलमध्ये त्याचं वर्णन ‘लोखंड, वीट, दगडी बांधकाम’ असं तिन्हीसाठी एकच दिलंय. म्हणजे नुसत्या रेषा बघून काय ते कळणारच नाही, कोपऱ्यात लेजंड, म्हणजे खुणांची यादी, लागतोच. ऑटोकॅडच्या मेट्रिक (मिमीतल्या) पॅटर्न फाइलमध्ये त्या रेषांमधलं अंतर ३.१७५ मिमी आहे, म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे अंतर कागदावरचं आहे, भिंतीशी त्याचा काही संबंध नाही. १:५० ला प्लॉट करायचं (कागदावर छापायचं) असेल तर स्केल ५० टाकायचं आणि विसरून जायचं. सेक्शनसाठी नवा पॅटर्न लिहायला मी कुणालाही सांगणार नाही. सेट स्क्वेअर सरकवत ट्रेसिंगवर तुम्ही हाताने मारायचात तीच ही खूण.

लेख एलिव्हेशनबद्दल, म्हणजे भिंत समोरून दाखवणाऱ्या ड्रॉइंगबद्दल होता. उघड्या चिऱ्याची, प्लास्टर नसलेली भिंत. तिथे पॅटर्नमधली आडवी रेष म्हणजे प्रत्यक्ष सांधा असतो. एआर ने सुरू होणारे पॅटर्न खऱ्या मापाचे असतात ते म्हणूनच, त्यांना स्केल १ च लागतं. सवयीने ५० टाकलंत तर एकेक ठोकळा १० मीटर उंच होतो. रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरने तर हे दोन प्रकार उघडच वेगळे केलेत. ड्राफ्टिंग पॅटर्न कागदाच्या मापाचा, मॉडेल पॅटर्न वस्तूच्या मापाचा. पॅट फाइल (पॅटर्नचे आकडे असलेली साधी टेक्स्ट फाइल) रेव्हिटमध्ये घेताना त्यातला कोणता हे फाइलमध्ये लिहावं लागतं. ऑटोकॅड विचारत नाही, त्यामुळे आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ होते.

आता तुमचा एआर-बी८१६. नावातच माप आहे, ८ इंच उंच आणि १६ इंच लांब, अमेरिकन काँक्रीट ब्लॉक. मेट्रिक फाइलमध्ये तोच २५.४ ने गुणून ठेवलाय, म्हणजे २०३.२ आणि ४०६.४ मिमी. आपला काँक्रीट ब्लॉक सांध्यासकट २०० आणि ४००. फरक ३.२ मिमीचा, तुम्ही म्हणाल त्यात काय मोठंसं. ३ मीटर उंचीची भिंत घ्या. आपल्या ब्लॉकचे बरोबर १५ थर बसतात, कापाकापी शून्य. तीच भिंत एआर-बी८१६ ने भरा. १४ थर २८४४.८ वर संपतात आणि सगळ्यात वर १५५ मिमीचा कापलेला थर दिसतो. जो थर साइटवर कधी होणारच नाही, तो आपण काढून, प्लॉट करून, सही करून पाठवतो. २१०० मिमी उंचीवरच्या लिंटेललाही (दार-खिडकीवरच्या तुळईलाही) तेच. आपल्या ब्लॉकचे १० थर झाल्यावर १०० उरतात, म्हणजे अर्धा ब्लॉक, तो आधीच मागवता येतो. ड्रॉइंगवर मात्र उरतात ६८. मिस्त्री हॅच बघत नाही म्हणता, पण असे दोनतीन हॅच बघितल्यावर तोही कशाला बघेल?

यावर तुमचं उत्तर मला ऐकू येतंय, ‘मग स्केल १ च्या जागी ०.९८४२५२ टाका!’ टाका की. ब्लॉकला ते चालेल, कारण तिथेही लांबी उंचीच्या दुप्पट आणि इथेही दुप्पट. ब्लॉकपुरतं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, नोटपॅडची गरज नाही.

पण चिऱ्याला ते लागू पडत नाही. हॅचचं स्केल दोन्ही दिशांना सारखंच ताणतं. आमच्याकडे येणारा चिरा सांध्यासकट ३५० लांब आणि २०० उंच पडतो. (तुमच्या भागात खाण वेगळी, तर माप वेगळं. रचून ठेवलेल्या थप्पीत नाही, बांधलेल्या भिंतीवर टेप लावा. पाच चिऱ्यांची लांबी घेऊन पाचाने भागा, म्हणजे दर्जांसकट (सांध्यांसकट) माप मिळतं.) उंची बरोबर केली की लांबी ४०० होते, लांबी बरोबर केली की उंची १७५. हे प्रमाण स्केलने दुरुस्त होत नाही. ते पॅटर्नमध्येच असावं लागतं, आणि त्यासाठी लागतात जेमतेम दोन ओळी:

०, ०,०, ०,२००
९०, ०,०, २००,१७५, २००,-२००

(वाचायला बरं म्हणून इथे मराठी आकडे. फाइलमध्ये इंग्रजीच टाकायचे.)

पहिली ओळ आडव्या सांध्यांची. कोन शून्य, सुरुवात शून्यावर, दर २०० वर एक रेष. दुसरी उभ्या सांध्यांची. कोन ९०, पुढची रेष १७५ बाजूला आणि त्याच वेळी २०० वर सरकलेली. शेवटचे दोन आकडे म्हणजे २०० पेन खाली, २०० पेन वर, कारण उणे म्हणजे मोकळी जागा. एकाआड एक थरात सांधा अर्ध्यावर आला, झालं काम. गोंधळ होतो तो ‘२००,१७५’ या जोडीत. हे ड्रॉइंगचे एक्स-वाय नव्हेत. पहिला आकडा रेषेच्या दिशेने, दुसरा रेषेला काटकोनात. रेषच उभी असल्यामुळे पहिला वर जातो. एवढं एकदा डोक्यात बसलं की इंग्लिश बाँड ही विटांची रचनासुद्धा तीन ओळींत होते. १९०×९०×९० ची मॉड्युलर वीट सांधा धरून २०० आणि १०० ची होते:

०, ०,०, ०,१००
९०, ०,०, ०,२००, १००,-१००
९०, ५०,१००, ०,१००, १००,-१००

एक थर लांब विटांचा, त्यावरचा तोंडाच्या विटांचा, आणि वरची वीट खालच्या सांध्याच्या बरोबर मधोमध. ‘५०,१००’ या सुरुवातीमुळे ते जमतं.

आता रॉकेट. तो फरसबंदीचा पॅटर्न १ मीटरच्या चौकोनात पुन्हा पुन्हा येणारा आहे. त्यातली तिरकी रेष दोन घरं आडवी जाऊन एक घर वर चढते. तिचा कोन २६.५६५०५१ अंश. तो मी हौसेने निवडलेला नाही, दोनास एक या चढाचा कोनच तेवढा आहे. पॅट फाइलमधली रेष चौकोनाच्या कडेला थांबत नाही, ती अखंड पुढे जाते आणि पेन वरखाली करत प्रत्येक चौकोनात बरोबर जागी उमटायची असते. तुम्ही २६.५ लिहिलंत तर ती १ मीटरला साधारण १.१ मिमी चुकते. पहिल्या चौकोनात हे दिसत नाही. १० मीटरवर ११ मिमी, ४० मीटरच्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ४५ मिमी. तिथे फरश्यांचे कोपरे एकमेकांना सोडून फाकलेले दिसतात, आणि मग लोक म्हणतात ऑटोकॅडचा हॅच खराब आहे. पेन वरखाली होण्याच्या अंतराचंही तसंच, ते मिळून २२३६.०६८ मिमीच यायला हवं, २२३६ नव्हे. त्यामुळे मनाला येईल तो कोन घ्यायची सोयच नाही. ४५ अंश, किंवा दोनास एक, तीनास एक असे पूर्णांकाचे चढ निवडले तरच पॅटर्न लवकर जुळतो.

आणि म्हणूनच काळ्या दगडाचं यूसीआर (थर नसलेलं ओबडधोबड दगडी बांधकाम) मी पॅट फाइलमध्ये लिहीत नाही. त्यात दोन दगड सारखे नाहीत. वीसपंचवीस ओळी लिहून जे येतं त्यात तोच एक दगड ठरावीक अंतराने डोळा मारताना दिसतो. तिथे दगडांच्या रेषांचा ऑटोकॅडमधला एक ‘ब्लॉक’ (एकत्र बांधलेलं चित्र) करून एक्स्प्रेस टूल्समधली सुपरहॅच ही कमांड वापरावी, किंवा भिंतीच्या दोन कोपऱ्यांत थोडे दगड हाताने काढून मधली जागा मोकळी सोडावी. मला दुसरंच आवडतं. जुन्या ट्रेसिंगवर तुम्ही मंडळी तेच करायचात.

नेटवरच्या फुकट फाइलींबद्दल माझी तक्रार चोरीबिरीची नाही. आतलं माप कुणाच्या विटेचं आहे ते कुणी लिहिलेलं नसतं, एवढीच. तुम्ही डाउनलोड करत असाल तर जरूर करा, फक्त नोटपॅडमध्ये उघडून आकडे वाचा. ८, २.६६७ असलं काही दिसलं की समजायचं, इंच आहेत.

हॅचकडे बघणारा आणखी एक माणूस असतो, एस्टिमेट काढणारा. हॅच सिलेक्ट केला की प्रॉपर्टीजमध्ये क्षेत्रफळ येतं. ४००×२०० चा ब्लॉक १ चौरस मीटरला साडेबारा लागतो, आपला चिरा सव्वाचौदाच्या आसपास. पण खिडकीच्या बाजूंना किती चिरे कापावे लागणार ते क्षेत्रफळ सांगत नाही, पॅटर्न सांगतो. अर्थात हॅचचा ओरिजिन (जिथून पॅटर्न सुरू होतो तो बिंदू) जोत्याच्या कोपऱ्यावर ठेवला असेल तरच. तो ड्रॉइंगच्या शून्यावर राहिला तर पहिलाच थर अर्धवट कापलेला येतो.

राहता राहिली तुमची कोरी भिंत. तुम्ही लिहिलंय की ड्रॉइंग महापालिकेच्या सबमिशनचं आहे. म्हणजे बहुधा मीटरमध्ये. माझा पॅटर्न मिमीमध्ये आहे. तुमच्या ड्रॉइंगमध्ये त्याचा अर्थ दर २०० मीटरवर एक आडवा सांधा असा होतो. ३ मीटरच्या भिंतीत तो येणार कुठून? स्केल ०.००१ टाका, चिरे दिसतील. आणि तुमचं बेस ड्रॉइंग सर्व्हेच्या यूटीएम (नकाशांच्या मीटरमधल्या) सहनिर्देशांकांवर असेल तर ओरिजिन आधी भिंतीजवळ आणा. पुण्याच्या आसपास नॉर्थिंगच (उत्तरेकडचा आकडा) २० लाख मीटरच्या पुढे असतं, आणि शून्यापासून इतक्या लांब रेषा वेड्यावाकड्या, तुटक येऊ शकतात.

तरीही नाही दिसला तर तीन गोष्टी बघा. फाइलचं नाव आणि आतल्या तारांकित ओळीतलं (वरच्या आकड्यांच्या आधीची, * ने सुरू होणारी ओळ) पॅटर्नचं नाव एकच आहे ना. फाइल सपोर्ट पाथमधल्या (ऑटोकॅड जिथे फाइली शोधतं त्या) फोल्डरमध्ये आहे ना. आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलंय ना. ते नसलं तर उभ्या सांध्यांची ओळ वाचलीच जात नाही.