कियारा, किरण आणि जाई

भाचीने लेकीचं नाव कियारा ठेवलं आणि घरच्या ग्रुपवर काकामंडळींना चेव आला. "मराठी नावं संपली का?" "याला अर्थ तरी आहे का?"

आहे ना. माझ्या लेकीच्या वर्गातही एक कियारा आहे, तिची आई इटालियन. मूळ शब्द लॅटिन 'क्लारा', म्हणजे उजळ. तेराव्या शतकातली असीसीची संत क्लारा इटलीत कियाराच. (आयर्लंडात जवळपास याच स्पेलिंगचं 'कीरा' आहे, ते मात्र काळ्या रंगावरून!) आपल्याकडे नाव पसरलं हिंदी सिनेमामुळे, आणि कियारा अडवाणीसुद्धा जन्माने आलिया. संस्कृतशी काडीचा संबंध नाही, एवढं काकांचं खरं.

पण याच काकांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून काकूची शकुंतलाची सुनीता केली होती. तेव्हा अर्थ कुणी विचारला? आणि साताऱ्यात 2011 मध्ये दोनशेहून जास्त 'नकोशीं'चं नव्याने बारसं करावं लागलं. ते नाव तर अस्सल मराठी होतं, अर्थासकट.

इथे जर्मनीत एका मुलीचं नाव किरण ठेवलं, तर श्टान्डेसआम्ट, म्हणजे जन्मनोंदणीचं सरकारी कार्यालय, म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, सोबत बाईचं दुसरं नाव जोडा. आईबाप घटना न्यायालयापर्यंत गेले आणि 2008 मध्ये जिंकले. नुसतं किरण राहिलं. हे मी ग्रुपवर टाकलं, जरा तोऱ्यातच. नाव ठेवणं हा आईबापांचा हक्क, वगैरे.

काकांनी एकच ओळ लिहिली, "मग तू मीराच का ठेवलंस गं?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. आईला नात 'जाई' हवी होती. मी रोमन लिपीत लिहून शेजारणीला वाचायला दिलं. "याई," ती म्हणाली. इथे 'ज'चा 'य' होतो. जाई बाद, जुई बाद, ऋजुता तर विचारूच नका. मीरा टिकली, कारण ती इथे आधीपासून होतीच. आईला सांगितलं, संत मीराबाईवरून ठेवलंय. स्वतः मी ऑफिसात अकरा वर्षं 'फ्रुसाली' आहे. वृषाली म्हणायला शिकवणं दुसऱ्याच आठवड्यात सोडलं.

गेल्या महिन्यात वाढदिवसाचं पार्सल आलं. नातीला आई अजून जाईच म्हणते, पत्त्यावरही तेच लिहिलेलं. लेक आता वाचायला लागलीय. खोक्यावर बोट फिरवत तिने विचारलं, "आई, ही याई कोण?"