मधोमध बसण्याची कला

गाडीत सराउंड साउंड, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणारं गाणं, बसवायचं ठरवलंत? अभिनंदन. शांत खोलीत, हवी तिथे खुर्ची ओढून गाणं कुणीही ऐकेल, त्यात कसली आलीय रसिकता! काच, पत्रा आणि टायर यांच्या घेऱ्यात बसून, ताशी 80 किलोमीटरने पळताना, व्हायोलिन नेमकं कुठल्या कोपऱ्यात वाजतंय हे छातीठोकपणे सांगतो, तो खरा कानसेन.

मोडायचे असले तरी नियम आधी माहीत हवेत. पाच स्पीकर कुठे ठेवायचे याबद्दल आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची रीतसर शिफारस आहे. सगळे ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर. एक नाकासमोर, दोन समोर डावी-उजवीकडे 30 अंशांवर, उरलेले दोन किंचित मागे, नाकाच्या रेषेपासून 100 ते 120 अंशांच्या मध्ये. आता गाडीत बसून बघा. एक स्पीकर तुमच्या पोटरीला चिकटून, दुसरा पलीकडच्या दारात, शेजाऱ्याच्या पोटरीआड. मधला डॅशबोर्डवर उताणा पडलेला, तो काचेला गाणं सांगतो आणि काच तुम्हाला. डाव्या-उजव्या दारांपासून सारखं अंतर हवं असेल तर जागा एकच उरते, दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकवर. तिथे बसायची तयारी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

तयारी नसेल तर घाबरू नका, तुमच्यासाठी काळालाच थोपवून धरायची सोय आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर. पोटरीजवळचा स्पीकर तुमच्या कानाशी आधी पोचतो, आणि जो आधी आला तिकडूनच सगळं आलं, असा निकाल मेंदू लावून मोकळा होतो. त्यामुळे गायिका मंचावर न दिसता दाराच्या खिशात पाण्याच्या बाटलीशेजारी अंग चोरून बसल्यासारखी वाटते. सेटिंगमध्ये जाऊन जवळच्या स्पीकरला दोन-तीन मिलिसेकंद उशीर करा. गायिका तिथून उठते आणि थेट स्टिअरिंगसमोर येऊन उभी राहते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अंगावर काटा आला होता. चेष्टा नाही, खरंच आला होता.

फक्त एक गोष्ट शेजारच्याला सांगू नका. हा उशीर तुमच्या डोक्याच्या जागेला बेतलेला असतो. त्याच्या जवळचा स्पीकर होता तसाच राहिला आणि लांबचा आणखी उशिरा वाजू लागला, म्हणजे तुमची गायिका सरळ झाली ती त्याची आणखी वाकडी करून. ‘कसं वाटतंय?’ असं त्याला विचारत राहा आणि ‘वा, छान’ म्हणाला की विषय बदला. जागांची अदलाबदल करू नका. मागे बसलेल्यांचं तर मनावरच घेऊ नका. ते सराउंड ऐकत नसतात, ते सराउंडचा भाग असतात.

हे खूळ आजचं नाही. 1970 च्या दशकात चार वाहिन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या चार स्वतंत्र धारांच्या, ‘8-ट्रॅक’ नावाच्या कॅसेटसारख्या डब्या गाडीतही वाजत. पुढे एकमेकांशी न जुळणारे इतके प्रकार निघाले की गिऱ्हाईकच कंटाळलं. 2004 च्या ॲक्युरा टीएल या मोटारीत डीव्हीडी-ऑडिओच्या तबकडीवरून 5.1 (पाच वाहिन्या आणि खर्जाची एक वेगळी) वाजू लागलं. आता मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये 31 स्पीकरांची व्यवस्था मिळते, शिवाय सीट थरथरवायला वेगळी यंत्रं. कानांचं मॉडेल मात्र कंपनीने अजून बदललेलं नाही.

एवढं सगळं घेतलं की फोन ब्लूटूथने जोडा. नेहमीच्या ब्लूटूथवरून संगीताच्या दोनच वाहिन्या जातात, त्यामुळे स्टुडिओत कुणी रात्र-रात्र जागून चहूबाजूंनी मांडलेलं गाणं तुमचा फोन आधी घडी घालून दोनात बसवतो. मग गाडी ती घडी अंदाजाने उलगडते. अंदाज साधा आहे. डाव्या-उजव्यात जे सारखं, ते मध्ये. जे वेगळं, ते मागे. म्हणून गायक समोर येतो आणि घुमारा व टाळ्या पाठीमागे जातात. यात जुनी मोनो गाणी लावून बघाच. दोन्हीकडे सगळं तंतोतंत सारखं, वजाबाकी शून्य, मागचे स्पीकर ठार गप्प. अशा वेळी घाबरून दुकानदाराला फोन करायचा नाही. ‘कॉन्सर्ट हॉल’ नावाचं बटण दाबायचं, म्हणजे एका माइकसमोर उभं राहून गायलेलं गाणं विहिरीतून ऐकू येतं आणि पैसे वसूल होतात.

(काही गाड्यांत तर इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून जाड काच बसवतात आणि मग तोच आवाज स्पीकरमधून वाजवतात. त्यांना काय सल्ला देणार?)

रस्त्याच्या घरघरीत गाण्याचा बास, म्हणजे खर्ज, बुडतो. त्यावर उपाय एकच, आवाज वाढवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालेल, 90 असेल तर फक्त 4. तुम्ही कामाची माणसं, तेवढंच चार तासांत उरकत असेल तर कशाला वेळ घालवा? मागून रुग्णवाहिकेचा भोंगा आला तर आधी तो गाण्यातला आहे का, कुठल्या स्पीकरमधून येतोय, दिशा किती स्पष्ट आहे, याचा आस्वाद घ्या. आरसा नंतर.

शेवटी माझा अनुभव. सगळं जुळवून झाल्यावर एका गाण्यात मला मागच्या डाव्या कोपऱ्यातून एक नाजूक किणकिण ऐकू आली. आजवर घरी कधीच जाणवली नव्हती. चार-पाच जणांना मुद्दाम बसवून ऐकवली, ‘याला म्हणतात सराउंड’ असं सांगून. दोघांनी डोळे मिटून मान डोलावली. मग एका सिग्नलला गाणं संपलं, गाडी निघाली, खड्डा आला आणि गाण्याशिवायच किणकिण झाली. मागच्या दाराच्या खिशात एक नाणं होतं.

तुम्हालाही बसवायचं असेल तर डाव्याच दारात ठेवा. उजव्या दारात ठेवून पाहिलं, तिथे तितकं खुलत नाही.